एकरी नफा जास्त म्हणून सगळा ऊसच?

लातूर-धाराशिवकडं पारावर एक गणित वर्षानुवर्षं सांगितलं जातं: ज्या पिकाला एकरी पैसा जास्त, तेच सगळ्या रानात लावा. हे चूक आहे. आपल्याकडं आधी संपतं ते पाणी, रान नव्हे.

समजायला सोपे आकडे धरू. रान १० एकर. विहिरीत ६० पाळ्यांचं पाणी, एक पाळी म्हणजे एक एकर भिजवणं. उसाला एकरी १० पाळ्या, नफा ६० हजार. सोयाबीनला २ पाळ्या, नफा २० हजार. नुसता ऊस ६ एकरांवर अडतो: ३ लाख ६० हजार, ४ एकर पडीक. नुसतं सोयाबीन २ लाख. पाच-पाच एकर केलं तर पाणीही पुरतं, रानही, आणि हातात येतात ४ लाख!

पाणी, रान अशा मर्यादांत जास्तीत जास्त नफ्याची वाटणी शोधायची, यालाच लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत मांडली. दोन पिकांपुरतं मात्र वहीचं पान पुरतं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढची वाटते. याच हिशोबात एक एकर सोयाबीनच्या जागी ऊस लावायला ८ पाळ्या जास्त लागतात आणि नफा ४० हजारांनी वाढतो; म्हणजे एक पाळी वाढली, तर नफा ५ हजारांनी वाढतो. म्हणजे पाळीमागं त्याहून महाग पाणी विकत घेऊन ऊस वाढवणं तोट्याचं.