विद्यापीठ ग्रंथालयातील शासकीय प्रकाशने: प्रवेश कोणाला, कागदपत्रे कोणती, शोध कसा घ्यायचा

ग्रंथालयाच्या संगणकावर आपण 'सिंचन' किंवा 'आदिवासी शिक्षण' असे टाइप करतो. यादीत पुस्तके येतात, पण हवा असलेला शासकीय अहवाल येत नाही, आणि आपण 'इथे नाही' असे समजून निघून जातो. अहवाल पुष्कळदा तिथेच असतो. अडचण अशी की पुस्तकाची नोंद लेखकाच्या नावाखाली होते, तर शासकीय प्रकाशनाचा लेखक म्हणजे ते काढणारे कार्यालय. म्हणून विषयाच्या आधी विचारायचा प्रश्न हा: हा कागद कोणत्या खात्याने काढला, कोणत्या वर्षी, आणि तेव्हा त्या खात्याचे नाव काय होते? खाली जे सांगितले आहे ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यापीठ ग्रंथालयांना धरून.

आत जायला काय लागते

त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी, संशोधक आणि शिक्षक यांना ओळखपत्र पुरते. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी प्राचार्यांचे किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचे पत्र लागते. बाहेरच्या विद्यापीठातील संशोधकाने मार्गदर्शकाचे किंवा विभागप्रमुखांचे शिफारसपत्र, पीएच.डी. नोंदणीच्या पत्राची प्रत, छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा आणि दोन पासपोर्ट फोटो जवळ ठेवावेत. पत्रकार, वकील, गावाचा इतिहास लिहिणारे हौशी अभ्यासक यांनाही परवानगी मिळू शकते, पण ती ग्रंथपालांच्या अधिकारात असते. शुल्क आणि मुदत प्रत्येक ग्रंथालयात वेगळी, तेव्हा आधी फोन करून विचारलेले बरे.

अर्ज ग्रंथपालांच्या नावे, साध्या कागदावर चालतो. त्यात 'संशोधनासाठी ग्रंथालय वापरण्याची परवानगी मिळावी' एवढेच लिहू नका. 'नाशिक जिल्ह्याच्या १९५१ ते १९९१ या काळातील जनगणना पुस्तिका आणि जुने गॅझेटियर पाहायचे आहे, साधारण आठवडाभर वाचनकक्षात बसण्याची परवानगी मिळावी' असे लिहिले की अर्ज थेट संदर्भ विभागाकडे जातो आणि तिथला माणूस तुम्ही पोचायच्या आधी कपाट उघडू शकतो. शासकीय प्रकाशने बहुधा घरी देत नाहीत. ती तिथेच बसून वाचायची असतात.

सातबारा, जन्मनोंद, जमिनीचा नकाशा इथे मिळणार नाही. ग्रंथालयात असते ते छापून प्रसिद्ध झालेले: राजपत्र, अहवाल, जनगणना, विधिमंडळातील चर्चा, अंदाजपत्रके. खात्यांच्या न छापलेल्या जुन्या फायली पुराभिलेखागारात जातात. मुंबईत ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुण्यातले पेशवे दप्तर प्रसिद्धच आहे.

नाव बदलले की शोध बदलतो

तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींच्या यादीत, आधी देश किंवा राज्य, मग खाते अशी नोंद असते: 'महाराष्ट्र. वित्त विभाग', 'भारत. नियोजन आयोग'. खात्यांची नावे बदलत राहतात. आजचा जलसंपदा विभाग पूर्वी पाटबंधारे विभाग होता. केंद्राचे शिक्षण मंत्रालय १९८५ ते २०२० या काळात मानव संसाधन विकास मंत्रालय होते. नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग १ जानेवारी २०१५ पासून आला, त्यामुळे पंचवार्षिक योजनांचे दस्तऐवज नीती आयोगाच्या नावाखाली शोधून मिळणार नाहीत.

राज्याचेही तेच. महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. त्याआधीचे पुणे, नाशिक, रत्नागिरी 'मुंबई' या नोंदीखाली, आधी इलाखा आणि मग राज्य. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, मराठवाडा हैदराबादकडे. मराठवाड्याचा १९३१ चा आकडा शोधायला कोणी मुंबई इलाख्याचे खंड चाळू लागला तर दिवस वाया. जिल्ह्यांचीही नावे जुनी टाकून पाहावीत: रायगडसाठी कुलाबा, धाराशिवसाठी उस्मानाबाद, अहिल्यानगरसाठी अहमदनगर. इंग्रजी नोंदींत स्पेलिंगसुद्धा जुने असते, 'पूना', 'ठाणा', 'शोलापूर' अशा उच्चारांचे.

समित्यांच्या बाबतीत लोकांच्या तोंडी अध्यक्षाचे नाव असते, मुखपृष्ठावर मात्र वेगळेच छापलेले. मंडल आयोगाचा १९८० चा अहवाल तालिकेत 'मागासवर्ग आयोग' म्हणून सापडतो. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल प्रादेशिक असमतोलाच्या सत्यशोधन समितीचा म्हणून. बरे तालिकाकार अध्यक्षाच्या नावानेही जोडनोंद करतात, पण त्यावर विसंबू नये. आणि संगणकात काहीच मिळाले नाही तरी संदर्भ विभागात जाऊन विचारा. जुन्या शासकीय प्रकाशनांची संगणकीय नोंद अनेक ठिकाणी अपुरी आहे; काउंटरवरच्या जुन्या कर्मचाऱ्याला जे माहीत असते ते ओपॅकला, म्हणजे संगणकावरच्या तालिकेला, नसते.

काय कशासाठी पाहायचे

गावपातळीवर काम करणाऱ्याने सगळ्यात आधी जिल्हा जनगणना पुस्तिका मागावी. ही मालिका १९५१ च्या जनगणनेपासून सुरू झाली. तिच्यातल्या ग्राम निर्देशिकेत प्रत्येक गावाची ओळ असते: शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता, वीज. २०११ च्या पुस्तिकेत सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे तेही अक्षराने दिलेले आहे: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे. एकाच गावाच्या चार-पाच दशकांच्या ओळी शेजारी ठेवल्या की विकासाच्या भाषणांपेक्षा जास्त कळते. मात्र जिल्ह्यांच्या हद्दी सांभाळा. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, तेव्हा लातूरची १९७१ ची गावे उस्मानाबादच्या पुस्तिकेत आहेत. पालघर २०१४ चा, म्हणून २०११ साठी ठाणे मागायचे.

दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांसाठी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' उपयोगी, आणि राज्यभराच्या चित्रासाठी अर्थसंकल्पाआधी येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'. जुन्या काळासाठी कॅम्पबेल यांच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्हावार माहितीचे खंड. पुण्याचा अठरावा खंड एकट्याचाच तीन भागांत आहे, १८८५ चा. माहिती अफाट आहे, पण जातीजमातींबद्दल त्यात जे लिहिले आहे ते वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले आहे हे लक्षात ठेवून वाचावे.

शासन निर्णय ग्रंथालयात क्वचितच एकत्र मिळतात. त्यांच्यासाठी राज्य शासनाचे संकेतस्थळ. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक १८ अंकी सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे वाचता येतात. खरी चावी मात्र वरच्या बाजूला आहे. तिथे 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक व तारखा दिलेल्या असतात. त्या यादीतून मागे मागे गेले की योजनेचा मूळ निर्णय हाती येतो. नंतरचे शुद्धिपत्रक आले आहे का, हेही तपासावे. नियम त्यातच बदललेला असू शकतो.

भारताच्या राजपत्राची छपाई १ ऑक्टोबर २०१५ पासून थांबली आणि ते फक्त ई-गॅझेट या संकेतस्थळावर निघू लागले, म्हणून त्यापुढचे केंद्रीय अंक कपाटात शोधू नयेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राचाच दर्जा दिला आहे. जुन्या अंकांत भाग व विभाग ठाऊक असणे गरजेचे: केंद्रीय अधिनियम भाग २, विभाग १ मध्ये, विधेयके विभाग २ मध्ये, नियम व अधिसूचना मुख्यतः विभाग ३ मध्ये.

प्रत घेताना

स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे शासकीय कृतीवर प्रकाशनापासून ६० वर्षे शासनाचा हक्क असतो. कलम ५२ मध्ये राजपत्रातील मजकूर, न्यायालयांचे निकाल, सभागृहात मांडलेले समित्यांचे अहवाल यांच्या पुनर्मुद्रणाला, काही अटींवर, मोकळीक आहे. अभ्यासासाठी काही पानांची झेरॉक्स घ्यायला अडचण येत नाही. ठिसूळ कागदाच्या खंडांना मात्र यंत्रावर ठेवू देत नाहीत, तिथे मोबाइलने फोटो काढण्याची परवानगी विचारा. फोटो काढताना आतले शीर्षकपान आधी घ्या. कार्यालय, शीर्षक, क्रमांक, दिनांक आणि पृष्ठ, एवढे संदर्भ देताना लागते, आणि घरी गेल्यावर नेमके तेच पान नसते.

ग्रंथालयाची झेरॉक्स प्रमाणित प्रत नव्हे. न्यायालयात किंवा जात पडताळणी समितीपुढे द्यायची असेल तर मूळ कागद ज्याच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाकडून वा पुराभिलेखागाराकडून प्रमाणित प्रत घ्यावी लागते.

नाहीच मिळाले तर

विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या संयुक्त तालिकेत कोणत्या विद्यापीठाकडे प्रत आहे ते पाहा आणि आपल्या ग्रंथपालांना आंतरग्रंथालयीन देवघेवीसाठी अर्ज द्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने अनेक जुने अहवाल स्कॅन करून खुले केले आहेत. प्रकाशकांनी ज्यांना पुस्तकाची प्रत पाठवायचीच असते अशा, १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याखालच्या चार ग्रंथालयांपैकी मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय एक. त्या कायद्यात शासकीय प्रकाशनेही येतात, निव्वळ कार्यालयीन वापराची सोडून.

अहवाल छापलाच नसेल, तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' मधील अर्ज, दहा रुपये शुल्क, त्या खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. उत्तराची मुदत ३० दिवस. समितीचे नाव आणि ती नेमणाऱ्या शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक अर्जात लिहिला, तर 'माहिती आढळून येत नाही' असे लिहून अर्ज निकाली काढणे त्या अधिकाऱ्याला अवघड जाते.