शेपटी छाटलेली गाडी ओळखायची कशी?

1954 साली तुरिनच्या मोटार प्रदर्शनात बर्तोने या कारखान्याने एक कूपे, म्हणजे दोन दारांची बसकी गाडी, मांडली. मागच्या काचेच्या दोन्ही अंगांना दोन प्रचंड पंख, आणि ते वर जाता जाता आत वळलेले. गाडीचं नाव बॅट 7. पुढे ती अमेरिकेत गेली आणि तिथे तिचे पंखच छाटले गेले. आता प्रदर्शनातला फोटो एका हातात धरून ती बुचकी गाडी समोर उभी केली, तर ही तीच हे कशावरून म्हणायचं?

हजारांनी निघणाऱ्या गाडीचं सोपं असतं. दुसरी आणायची आणि शेजारी लावायची. प्रोटोटाइपला, म्हणजे एकुलत्या एक नमुना-गाडीला, जुळं भावंड नसतं. बॅट 5 आणि बॅट 9 या तिच्या बहिणी खऱ्या, पण तिघींचे चेहरे वेगळे. मग सुरुवात करावी लागते ती उसन्या गोष्टींपासून. अशा गाडीचं वरचं कवच नवं असलं तरी खालचा सांगाडा बहुधा बाजारातल्याच एखाद्या गाडीचा असतो. बॅट मालिकेचा सांगाडा होता अल्फा रोमिओ 1900 चा.

जुना फोटो बरोबर बाजूने काढलेला असेल तर नुसत्या पट्टीने काम होतं. 1900 च्या चाकाची रिम 400 मिलिमीटरची. तिच्या सेडानच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2630 मिलिमीटर, स्प्रिंट या तिच्याच आखूड प्रकाराचं 2500. म्हणजे फोटोत ते अंतर रिमच्या सव्वासहा पट भरलं तर सांगाडा आखूड, साडेसहाच्या वर गेलं तर लांब. फोटो तिरका असला की हा हिशेब फसतो; तेवढं सांभाळायचं.

दिवे, डायलचे काटे, दाराच्या मुठी याही उसन्याच. त्यांच्यावरून काळाची एक कड सापडते. बॅट 9 च्या नाकावर अल्फा रोमिओच्याच जुलिएत्ता या गाडीची जाळी आहे आणि जुलिएत्ता आली 1954 मध्ये. तेव्हा ते नाक त्याआधीचं असणं अवघड. अर्थात मूठ काय, दिवा काय, मागाहूनही बदलता येतो.

मला सगळ्यांत आवडतो तो पत्रा. लाकडी साच्याशी ताडून पाहत, हातोडीने ठोकत बनवलेली गाडी डावी-उजवी कधीच तंतोतंत सारखी नसते. आज लेझरने पूर्ण अंग मोजून डाव्या बाजूची आरशातली प्रतिमा उजवीवर टाकली, तर कुठे चाकाची कमान थोडी पुढे, कुठे दाराची रेघ किंचित खाली असं दिसतं. कारागिराची ही चूक बोटाच्या ठशासारखी. जुन्या फोटोंतही ती तशीच दिसली तर पुरावा भक्कम होतो.

राहिला चासी नंबर. आरटीओत कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात, तोच. तो कुणी घासून टाकला तर? नंबर ठोकताना दाब नुसत्या पृष्ठभागावर थांबत नाही, खालच्या धातूची स्फटिकरचनाही चेपली जाते. वरचा थर घासला तरी ही इजा खाली उरते. तो भाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण फिरवलं, की चेपलेला आणि न चेपलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि आकडे धूसर का होईना, वर येतात. घासणाऱ्याने खोलवर घासलं असेल तर मात्र काही हाती लागत नाही. शिवाय हा नंबर सांगाड्याचा. वरच्या कवचाची साक्ष तो देत नाही.

आणि ज्याच्या डोक्यातून हे पंख निघाले तो फ्रांको स्काल्योने? जन्म 1916, फ्लॉरेन्सचा, शिक्षण विमानशास्त्राचं. युद्धात 1941 साली तो ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि 1946 पर्यंत आपल्याकडे, कांगडा खोऱ्यातल्या योल छावणीत कैदी होता. गाडीमागे हवा फाटून भोवरे उठतात आणि तेच गाडीला मागे ओढतात, हे विमानवाल्याला शिकवावं लागत नाही. पंख आत वळवले ते हवा अंगाला चिकटून सरळ मागे जावी म्हणून. बॅट 7 चा हवेचा रोधांक (हा आकडा जितका कमी, तितकी हवा गाडीला कमी अडवते) 0.19 सांगितला जातो. आजच्या बऱ्याच गाड्या 0.25 ते 0.30 च्या आसपास घुटमळतात.

पंख पुन्हा बसवलेली बॅट 7 आणि तिच्या दोन्ही बहिणी 2020 साली न्यूयॉर्कच्या लिलावात एकाच बोलीत विकल्या गेल्या. किंमत आली जवळजवळ दीड कोटी डॉलर.