पुस्तकाशी इमान : बालकादंबऱ्यांवरील चित्रपट आणि पुण्यातील वाचक

मुलांच्या एखाद्या अद्भुतरम्य कादंबरीवर चित्रपट निघाला, की ती कादंबरी आधीच वाचून बसलेला वाचक त्या चित्रपटाकडून काही मागत असतो. ते मिळाले की नाही, यावरून तो जे बोलतो, भांडतो, सुखावतो किंवा दुखावतो, त्या सगळ्या प्रतिसादाला प्रस्तुत नोंदीत ‘पुस्तकाशी इमान’ असे म्हटले आहे. समीक्षकाच्या परीक्षणाहून हा प्रतिसाद वेगळा असतो. समीक्षक चित्रपट कसा उतरला हे पाहतो. वाचक तो आपल्या ओळखीचा आहे का, हे आधी पाहतो. पुण्यात हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा झाला आहे, कारण इंग्रजी मूळ पुस्तक, मराठी अनुवाद आणि हिंदीत ध्वनिमुद्रित केलेला चित्रपट अशा तीन वाटांनी एकच गोष्ट एकाच घरात शिरते, आणि थोरली बहीण, धाकटा भाऊ व आजोबा यांच्याजवळ तिच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या असतात.

या इमानाचे मूळ वाचनाच्या क्रियेतच आहे. वास्तववादी कथेतले घर किंवा वर्ग वाचकाला स्वतःच्या अनुभवातून उसना घेता येतो. अद्भुतकथेतला किल्ला, उडता झाडू किंवा बोलणारे चित्र मात्र त्याला स्वतः उभारावे लागते. पुण्याच्या मुलाजवळ या बांधकामासाठी जे सामान असते ते इथलेच असते : पावसाळ्यात धुक्यात बुडालेला सिंहगड, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे, पेठेतल्या वाड्याचा काळोखा जिना. हॅरी पॉटरच्या कथांत जे. के. रोलिंग या लेखिकेने वर्णन केलेली जादूची शाळा त्याच्या मनात या दगडांनी उभी राहते. मग चित्रपट येतो आणि नॉर्थंबरलंडमधला अ‍ॅल्निकचा किल्ला दाखवून सांगतो, की ती शाळा अशी आहे. चित्रपटातली वास्तू कितीही देखणी असली तरी वाचकाची स्वतःची वास्तू त्या दिवसापासून पुसट होऊ लागते. चाहत्यांच्या तक्रारींत राग म्हणून जे ऐकू येते, ते पुष्कळदा या हरवण्याचे दुःख असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा ताण नवा नाही. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ओझच्या जादूगाराच्या कथेत मुलीचे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर रंगपटावर लाल अधिक खुलत होता. जर्मन लेखक मिखाएल एन्डे यांना त्यांच्या अद्भुत कादंबरीवरील १९८४ चा चित्रपट इतका नापसंत झाला, की त्यांनी सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचे नाव काढून टाकायला लावले. पुण्याला पुस्तकावरून चित्रपट करण्याची परंपरा ठाऊक होतीच : प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ काढला तो ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून. पण ते मोठ्यांचे वाङ्मय होते. मुलांनी वाचक या नात्याने चित्रपटाकडे जाब मागावा, अशी वेळ शहरात व्यापक प्रमाणावर आली ती हॅरी पॉटरच्या निमित्ताने.

या मालिकेची सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात आली आणि त्यांवरचे आठ चित्रपट २००१ ते २०११ या काळात. म्हणजे मधली जवळजवळ सहा वर्षे पुस्तके आणि चित्रपट एकाच वेळी चालू होते, आणि गोष्टीचा शेवट ठाऊक नसताना तिच्या पहिल्या भागांचे चित्रपट पाहिले जात होते. जुलै २००७ मध्ये तर पाचवा चित्रपट आणि सातवे पुस्तक काही दिवसांच्या अंतराने आले. २१ जुलैच्या भल्या सकाळी पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे मुले रांगा लावून उभी राहिली, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या मनात त्या चित्रपटाविषयीचे भांडण अजून ताजे होते.

त्या भांडणाचे एक कारण निव्वळ अंकगणिती होते. पहिल्या पुस्तकाची मूळ ब्रिटिश आवृत्ती २२३ पानांची, आणि चित्रपट १५२ मिनिटांचा. पाचवे पुस्तक ७६६ पानांचे, आणि चित्रपट १३८ मिनिटांचा. पुस्तक तिपटीहून जाड झाले आणि चित्रपट उलट आखूड झाला. पहिल्या चित्रपटात दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांनी पुस्तक जवळजवळ पानामागून पान दाखवले होते, त्यामुळे पुढेही तसेच होईल असे वाचकांनी गृहीत धरले. तरी पहिल्याच चित्रपटात पीव्ह्ज हे खोडकर भूत गाळले गेले होते. रिक मेयल या नटाने त्याचे काम करून चित्रीकरणही झाले होते, पण संकलनात ते सारे कापले गेले आणि आठही चित्रपटांत पीव्ह्ज एकदाही दिसला नाही. वाचकांच्या तक्रारींच्या यादीत तो आजवर सर्वांत वर असतो.

या यादीचे दोन भाग करून पाहणे उपयोगी ठरते. पहिल्या भागात गाळलेल्या गोष्टी येतात. जादूगारांच्या घरी राबणाऱ्या एल्फांच्या हक्कांसाठी हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिने काढलेली संघटना, खलनायक वोल्डेमॉर्टच्या बालपणीच्या बहुतेक आठवणी, तिसऱ्या भागातला तो जादूचा नकाशा कुणी तयार केला याचा खुलासा, ही त्यांतली ठळक उदाहरणे. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे आणि नेमके आईसारखे आहेत. हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफला डोळ्यांत घालायच्या रंगीत काचांचा त्रास झाल्यामुळे ते निळेच ठेवले गेले. ही तडजोड समजण्यासारखी होती, पण शेवटच्या चित्रपटात आईच्या बालपणीच्या भूमिकेसाठी तपकिरी डोळ्यांची मुलगी घेतली गेली, आणि ज्या साम्यावर गोष्टीतला एक मोठा उलगडा उभा आहे ते साम्यच पडद्यावर उरले नाही. वाचकांनी ही चूक अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या भागात बदललेल्या गोष्टी येतात, आणि लेखकाच्या मते खरी तक्रार हीच आहे. चौथ्या पुस्तकात हॅरीचे नाव स्पर्धेच्या पेल्यातून बाहेर येते तेव्हा मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला शांतपणे प्रश्न विचारतात. चित्रपटात डम्बलडोर झालेले मायकेल गॅम्बन धावत येऊन त्याला धरतात आणि जवळजवळ ओरडतात. ‘शांतपणे’ हा एक शब्द जगभरच्या चाहत्यांनी त्या दिवसापासून वादाचे निशाण म्हणून फडकवला. वरवर ही किरकोळ बाब वाटते. पण ज्या मुलांनी डम्बलडोरमध्ये आपले शांत, सगळे ओळखून असलेले आजोबा किंवा सर पाहिले होते, त्यांच्यासाठी तो माणूसच बदलला होता. शेवटच्या भागातला बदल त्याहून खोल आहे. पुस्तकात वोल्डेमॉर्ट मरतो तो साध्या माणसासारखा जमिनीवर कोसळून, आणि त्याचे प्रेत मागे उरते. मरणाला भिणारा हा माणूस अखेर इतर कुणाहीसारखाच मेला, हे लेखिकेला म्हणायचे आहे. चित्रपटात त्याच्या देहाची राखेसारखी पापुद्री होऊन ती हवेत उडून जाते. तसेच पुस्तकात हॅरी सर्वशक्तिमान कांडीने आपली मोडलेली जुनी कांडी सांधून घेतो आणि मग ती मोठी कांडी परत ठेवून देतो. चित्रपटात तो ती मोडून फेकतो आणि स्वतःची कांडी सांधण्याचे राहूनच जाते. गाळलेली घटना वाचक पुस्तक उघडून भरून काढू शकतो. अर्थ बदललेला असेल तर भरून काढण्याजोगे काही उरत नाही. सहाव्या चित्रपटात हॅरीचा मित्र रॉन याच्या वीझली कुटुंबाचे घर जळताना दाखवले आहे, जे पुस्तकात कुठेच नाही. वेळ नाही म्हणून एवढे गाळले, आणि नसलेले घालायला मात्र वेळ होता, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. हा चित्रपट नोव्हेंबर २००८ ऐवजी जुलै २००९ वर ढकलला गेल्याने चाहते आधीच चिडलेले होते.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही मालिका मराठीत आणली तेव्हा पहिल्या भागाच्या नावात ‘परीस’ हा शब्द आला. ज्या दगडाची गोष्ट मूळ वाचकाला समजावून सांगावी लागते, तो मराठी मुलाला संतांच्या अभंगांतून आणि आजीच्या गोष्टींतून आधीच ठाऊक होता. अनुवाद हे पहिले रूपांतर असते आणि चित्रपट दुसरे, हे येथे स्पष्ट दिसते. नावांचेही तसेच झाले. इंग्रजी पुस्तक वाचणारी मुले हर्मायनीचे नाव बराच काळ आपापल्या परीने उच्चारत होती, आणि लेखिकेनेही चौथ्या पुस्तकात एका परदेशी पात्राला ते शिकवण्याचा प्रसंग घातला आहे. देवनागरीत लिहिताना मात्र अनुवादकाला उच्चार ठरवूनच लिहावे लागते, त्यामुळे मराठी वाचकाला तो अडथळा आलाच नाही. मराठी माध्यमातला मुलगा नाव बरोबर म्हणतो आणि इंग्रजी माध्यमातला अडखळतो, हा या मालिकेने घडवलेला लहानसा न्याय नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

पुण्यात हा प्रतिसाद कुठे व्यक्त होतो, हेही पाहिले पाहिजे. इंग्रजी चित्रपटांसाठी आधी अलका आणि लष्कर भागातले वेस्ट एंड यांचे नाव होते. पुढे बहुपडदा चित्रपटगृहे आली. आपल्याकडे इंग्रजी चित्रपटालाही मध्यंतर असते. मूळ चित्रपटात तशी जागा राखलेली नसल्याने ते कुठेतरी मधेच पडते, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत बटाटावडा किंवा पॉपकॉर्न हातात घेऊन पुस्तक वाचलेली मुले अजून न वाचलेल्यांना काय राहिले, काय बदलले हे सांगू लागतात. परदेशी चाहता चित्रपट संपल्यावर भांडतो. पुण्याचा चाहता अर्धा चित्रपट भांडून मग उरलेला पाहतो. ‘पुस्तक वाचलंयस का?’ हा प्रश्न या चर्चेत अधिकार तपासण्यासाठी विचारला जातो. आप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत आणून का होईना, वाचूनच बोलायचे, ही त्यामागची अट आहे आणि ती योग्य आहे.

शहराचा स्वतःचा दाखला मात्र फास्टर फेणेचा. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे अद्भुतकथेतला नव्हे, साहसकथेतला नायक आहे. पण पुस्तकाशी असलेल्या इमानाची कसोटी त्याने जशी घेतली तशी पुण्यात दुसऱ्या कुणी घेतलेली नाही. त्याची पुस्तके पुण्याच्याच उत्कर्ष प्रकाशनाने जपली, १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो साकारला, आणि २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात अमेय वाघने. या चित्रपटातला बनेश शाळकरी मुलगा राहिलेला नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तो तरुण आहे आणि त्याच्यापुढचा गुन्हा मोठ्यांच्या जगातला, जिवावर बेतणारा आहे. वर केलेल्या विभागणीनुसार हा दुसऱ्या भागातला, म्हणजे गाभ्याला हात घालणारा बदल होय. शाळकरी फेणेची सायकल, चड्डी आणि काडीसारखे पाय यांवर जीव असणाऱ्यांना तो खटकणे स्वाभाविक होते. तरीही चित्रपटाचे स्वागत झाले, याचे कारण लेखकाला असे दिसते, की निर्मात्यांनी बदलाची कबुली पडद्यावरच दिली. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले भा. रा. भागवत स्वतःच चित्रपटात एक पात्र म्हणून येतात. लेखक समोर उभा राहून या वाढलेल्या मुलाला आपला म्हणतो, आणि वाचकाला ते मान्य करणे सोपे जाते. फेणेचा ‘ट्टॉक’ हा ठरलेला आवाजही जागच्या जागी ठेवला गेला. चेहरा, वय, काळ बदलला तरी चालेल, पण ज्या खुणेने आम्ही त्याला ओळखतो ती खूण ठेवा, एवढेच वाचक मागत असतो.

ती खूण कुठली, हे मूळ लेखकाला सर्वांत चांगले ठाऊक असते. रिक रिओर्डन यांच्या पर्सी जॅक्सनच्या कथेत नायक १२ वर्षांचा आहे. २०१० च्या चित्रपटात तो थेट ऐन किशोरवयात नेला गेला. रिओर्डन यांनी निर्मात्यांना आधीच सावध केले होते, ते ऐकले गेले नाही, आणि चाहत्यांनी तो चित्रपट कधीच आपला मानला नाही. २०२३ च्या अखेरीस आलेली मालिका त्यांच्या सहभागाने तयार झाली आणि तिच्यात नायक पुन्हा १२ वर्षांचा झाला. त्याच वर्षी हॅरी पॉटरवरही नवी दूरचित्रवाणी मालिका जाहीर झाली, एका पुस्तकाला एक पर्व या हिशेबाने, म्हणजे पानांना मिनिटे पुरतील अशा बेताने.

दरम्यान क्रम उलटला आहे. २००७ साली रांगेत उभी असलेली मुले आता आईबाप झाली आहेत, आणि त्यांच्या मुलांनी चित्रपट आधी पाहिलेले असतात. या मुलांच्या मनातला किल्ला पहिल्यापासूनच अ‍ॅल्निकचा आहे आणि डम्बलडोर गॅम्बनचा. त्यामुळे त्यांना चित्रपटात काही हरवल्यासारखे वाटत नाही. पुस्तकच त्यांना वाढीव वाटते. कोथरूडच्या किंवा सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या घरात रात्री पहिला भाग वाचून दाखवताना पीव्ह्ज प्रथम येतो, तेव्हा मूल वाचणाऱ्याला थांबवून विचारते, की हा कोण, हा तर पिक्चरमध्ये नव्हता.