कासच्या पठाराला खत नको

सप्टेंबरात आमच्या बागप्रेमी मंडळाला कास पठार दाखवायला नेलं होतं. एका काकूंनी जांभ्यावरची माती नुसती पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, हिच्यात काही कसच दिसत नाही. थोडं शेणखत पडलं तर फुलं दुप्पट येतील!" जन्मभर कुंड्या सांभाळलेल्या माणसाला असं वाटणारच. पण इथली फुलं आहेत ती या निकस मातीमुळेच.

साताऱ्याजवळचा, सुमारे 1200 मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा माळ. काही ठिकाणी मातीचा थर जेमतेम बोटभर. पावसाळाभर पाणी त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस धुऊन नेतं आणि पुढे उन्हाळ्यात खडक तापतो. मोठ्या झाडांनी मुळं रोवायची कुठे?

काकूंच्या हाती भिंग दिलं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावर एक चिलट चिकटलेलं होतं. मातीत नाही ते ही वनस्पती किड्यांतून मिळवते. (माणसं खाणाऱ्या झाडांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. असं झाड पृथ्वीवर कुठेही नाही.)

माझा जीव मात्र शेजारच्या 'सीतेच्या आसवां'वर. वर नाजूक जांभळी फुलं आणि खाली चिखलात टाचणीच्या डोक्याहूनही बारीक पिशव्या! या कुळातल्या पाण्यात वाढणाऱ्या जातींवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. पिशवीच्या भिंतीतल्या पेशी आतलं पाणी सतत उपसत राहतात. आतला दाब घटतो, भिंती चेपतात, जसा ड्रॉपरचा रबरी फुगा आपण दाबून धरतो. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्मजीव घासला की झडप आत वळते, भिंती फुगतात आणि पाणी त्या जीवासकट आत खेचलं जातं. याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही! मग पाचकरस सुटतात आणि उपसा पुन्हा सुरू होतो.

हा उपसा फुकट होत नाही, त्याला ऊर्जा लागते आणि ती मिळते उन्हातून. खत पडलं की उंच गवत माजेल आणि बोटभर उंचीच्या आसवांचं ऊन अडवेल. झाडं लावली तरी तेच: सावली पडणार, पाला कुजून त्याचं खत होणार. निलगिरीच्या डोंगरमाळांवर वॅटल नावाचं परदेशी झाड लावलं, ते आता तिथलं गवत गिळत पसरतंय. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, तरी 'ओसाड जागा, झाडं लावू या' हे अजून ऐकू येतं.

परतताना एकांनी वायतुऱ्याचा कंद घरी नेऊ का, असं विचारलं. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. त्याला डबक्यातलं पावसाळी पाणी आणि नंतरचा कोरडा काळ, दोन्ही लागतं. कंद जागीच राहू द्या. पुढच्या वेळी येताना बुटांच्या तळव्यांची माती घरीच झाडून या, तिच्यातून तणाचं बी येतं.