व्यापार धोरण आणि स्थानिक रोजगार (ठाणे-नवी मुंबई)

देशात कुठला माल येऊ द्यायचा, कुठला बाहेर जाऊ द्यायचा आणि त्यावर ड्युटी किती लावायची, हे सरकार ज्यातून ठरवतं ते व्यापार धोरण. डीजीएफटीचं, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाचं, नोटिफिकेशन दिल्लीत निघतं, पण त्याचा परिणाम बघायचा तर पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात जावं लागतं.

8 डिसेंबर 2023 पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के ड्युटी बसली, मग सप्टेंबरात किमान किंमत काढून ड्युटी 20 टक्के केली आणि 1 एप्रिल 2025 पासून तीही गेली. म्हणजे दीड वर्षात चार वेळा नियम बदलले. बातम्यांमध्ये शेतकरी दिसतो, ग्राहक दिसतो, गोण्या उचलणारा माथाडी क्वचितच दिसतो. त्याची हमाली कांद्याच्या भावावर नसते, गोणीवर असते, त्यामुळे भाव पडला म्हणून त्याचं थेट नुकसान होत नाही, पण बंदीच्या निषेधात नाशिककडचे लिलाव थांबले तर गाड्या कमी येतात आणि टोळीला काम कमी मिळतं. 1969 च्या माथाडी कायद्याने बोर्ड, पीएफ, बोनस मिळाला हे खूप मोठं काम झालं, तरी ज्या दिवशी गाडीच नाही त्या दिवशीची हमाली कुठून येणार? नोकरी गेली अशी नोंद होत नाही, कामाचे दिवस गेलेले असतात, आणि ते कुणी मोजत नाही ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी चूक आहे.

दुसरं ठिकाण न्हावाशेवा. 1989 ला हे बंदर सुरू झालं आणि आजूबाजूला उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर उतरवायची, तपासायची, साठवायची यार्डं म्हणजे सीएफएस उभी राहिली, जमिनी गेलेल्या गावांतली बरीच पोरं तिथे लागली. नंतर डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी आली, कंटेनर बंदरातून सरळ कारखान्यात जायला लागला. आयातदाराचा वेळ-पैसा वाचला हे खरंच, पण सीएफएसमधलं काम आटलं. इथे ड्युटी एक पैसाही बदललेली नव्हती, फक्त पद्धत बदलली.

भिवंडीत तर एकाच नियमाच्या दोन बाजू दिसतात. 2023 मध्ये पॉलिस्टर यार्नवर क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे ठरलेल्या दर्जाच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय माल विकता येत नाही असा नियम, लागली, बाहेरचं सूत अडलं, देशातल्या सूत बनवणाऱ्यांना आधार मिळाला, आणि पॉवरलूमवाल्याला सूत महाग पडलं. लूम कमी चालले की मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराची कमाई त्याच आठवड्यात घटते. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने ही ऑर्डर मागे घेतली.

परदेशातला निर्णयही तसाच येऊन आदळतो. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर एकूण 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला होता, औषधं त्यातून वगळली होती. म्हणजे रबाळे, महापे, पावण्याच्या एमआयडीसीत एकाच रस्त्यावरच्या औषध कारखान्याला आणि अमेरिकेला सुटे भाग पाठवणाऱ्या युनिटला तेव्हा वेगळा न्याय मिळाला. ऑर्डर घटली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ठेकेदाराची माणसं कमी होतात, कायम कामगाराचा नंबर सगळ्यात शेवटी.

परदेशी माल त्याच्या स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात इथे येत असेल तर आपल्याकडे त्यावर अँटी-डंपिंग ड्युटी मागता येते, आणि इथल्या उद्योगाचं नुकसान किती झालं हे तपासताना रोजगाराचाही विचार होतो. पण अर्ज करायचा तो उत्पादकाने. अमेरिकेत कामगार युनियनही असा अर्ज करू शकते, शिवाय आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी तिथे 1962 पासून खास मदत योजना होती, ती 2022 मध्ये थांबली. आपल्याकडे ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विमा महामंडळाच्या, अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीत 90 दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळू शकतो, पण त्याला आधी ईएसआयसी कार्ड लागतं, आणि ते भिवंडीच्या बहुतेक विणकरांकडे नाहीये.