टॉनी पोर्टवरचा '20 वर्षे' हा आकडा आणि ग्रॅहम घराणे

1820 साली विल्यम आणि जॉन ग्रॅहम या ग्लासगोच्या बंधूंच्या पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या कचेरीला एका बुडीत येण्यापोटी पोर्टची, म्हणजे स्पिरिट मिसळलेल्या गोड वाइनची, 27 पिंपे स्वीकारावी लागली. घराण्याचा धंदा कापडाचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईतही डब्ल्यू. अँड ए. ग्रॅहम अँड कंपनी ही त्यांची पेढी होती. पोर्तोहून रवाना झालेली वाइन मात्र इतकी खपली की घराणे त्या व्यापारात कायमचे उतरले. कापडाच्या कमाईचे बळ पाठीशी असणे पुढे मोलाचे ठरले, कारण टॉनी, म्हणजे लाकडी पिंपांत दीर्घकाळ मुरवलेली पोर्ट, बनवायची म्हणजे माल तयार असूनही वर्षानुवर्षे विकायचा नाही.

ही वाइन पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. 1703 च्या मेथुएन करारामुळे इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात बसू लागली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली, आणि 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने वाइन कंपनी स्थापन करून द्राक्षक्षेत्राच्या हद्दी आखायला घेतल्या. सीमेवर रोवलेले ग्रॅनाइटचे दगड आजही सापडतात. गोव्यात 'पोर्ट वाइन' या नावाने मिळणारी गोड तांबडी वाइन वेगळी. तिची द्राक्षे दोरूची नसतात.

तुरीगा नासियोनाल, तुरीगा फ्रांका, तिंता रोरीझ अशा काळ्या द्राक्षांचा रस दोन-तीन दिवस आंबतो. जवळपास निम्मी साखर उरलेली असतानाच त्यात 77 टक्के मद्यार्काचे द्राक्षांचे स्पिरिट ओततात. ढोबळ प्रमाण 435 लिटर रसाला 115 लिटर स्पिरिट, म्हणजे 550 लिटरचे एक पिंप. यीस्ट मरते, गोडी टिकते आणि मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. स्पिरिटला उशीर झाला तर वाइन कोरडी, म्हणजे गोडी उरत नाही अशी होते, घाई झाली तर नुसती गोड आणि पोकळ लागते.

इथपर्यंत सगळी लाल पोर्ट सारखीच. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच उत्तम वर्षाच्या पिकाची पोर्ट, दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते, टॉनी लाकडातच राहते. पिंपे मुद्दाम जुनी घेतात. नव्या ओकचा वास इथे नको असतो. फटींतून थोडी हवा आत जाते, रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि गडद लाल रंग विटकरी, मग अंबरसारखा होतो. वर्षाला साधारण 2 टक्के वाइन उडून जाते. भर घातलीच नाही, तर 20 वर्षांत एक तृतीयांश पिंप रिकामे होईल. उरलेल्या वाइनमध्ये साखर आणि आम्ल दाट होतात. सोटोलोन हे मेथीला तिचा वास देणारे द्रव्यही वर्षांगणिक वाढते. हे सगळे संथपणे व्हावे लागते, म्हणूनच दोरूच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पोर्तोसमोरच्या, समुद्राजवळच्या व्हिला नोव्हा दे गायाची थंड, दमट हवा या मुरवणीला मानवते. ग्रॅहमची तिथली वखार 1890 मधली. त्याच वर्षी घराण्याने दोरूकाठचा किंता दोस माल्वेदोस हा मळाही घेतला.

लेबलवरचे 10, 20, 30, 40 हे आकडे वाइनचे नेमके वय नव्हे. जुन्या पिंपांतून गाभा, तरुण पिंपांतून ताजेपणा घेऊन मिश्रण करतात. ते त्या वयाच्या चवीला उतरते की नाही, हे दोरू आणि पोर्तो वाइन संस्थेचे चाखणारे ठरवतात. एकाच वर्षाची, किमान सात वर्षे लाकडात मुरलेली असेल तर ती कोल्हेता.

अँड्र्यू जेम्स सिमिंग्टन 1882 मध्ये ग्रॅहमकडे नोकरीला पोर्तोला आले. 1970 मध्ये त्यांच्याच वंशजांनी ग्रॅहम विकत घेतले. 1882 च्याच पिकाची टॉनी 2014 मध्ये 'ने उब्ली' या नावाने, 656 सुरयांत बाजारात आली. एवढ्या काळात पिंपांची राखण सोडली असती, तर हाती व्हिनेगर आले असते.

चाखायची तर आमच्या मते 20 वर्षांचीच निवडावी. 10 मध्ये फळ अजून पुढे असते, 40 मध्ये दाटपणा कधी ताजेपणावर मात करतो. बाटली 12 ते 16 अंशांवर थंड करावी. घरच्या तापमानाला, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात, मद्यार्क नाकाला झोंबतो आणि बाकीचे वास दबतात. लहान शेरी ग्लास नको, ट्यूलिप आकाराचा घ्यावा आणि तिसरा हिस्साच भरावा. कडेला रंग फिका होत जाताना दिसेल. वासात संत्र्याची साल, भाजलेला बदाम, सुके अंजीर, कॅरमेल शोधावे. घोटानंतर गोडीमागून आम्ल येऊन जीभ स्वच्छ झाली पाहिजे. तसे झाले नाही तर मिश्रण जड झाले असे समजावे. वार्निशचा पुसट वास चालतो, व्हिनेगरचा ठसका किंवा कुबट वास हा दोष.

गाळून भरलेली असल्याने ती सुरईत ओतून निथळावी लागत नाही. ती बाटलीत सुधारतही नाही, म्हणून लेबलवर बाटलीत भरल्याचे वर्ष पाहून अलीकडची घ्यावी. बाटली उभी ठेवावी. उघडल्यावर फ्रिजमध्ये ती काही आठवडे चांगली राहते. आधी संत्र्याचा वास जातो, मग नुसती साखर उरते.