वृत्तालेखाचे वाचन

एखादी एकूण राशी तिच्या घटकांत कशी वाटली गेली आहे, हे वर्तुळाच्या पाकळ्यांनी दाखवणारी आकृती म्हणजे वृत्तालेख. बोलण्यात तिला सर्रास ‘पाय चार्ट’ म्हणतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीच्या प्रकरणात ती वृत्तालेख याच नावाने येते. अख्खे वर्तुळ म्हणजे अख्खी राशी आणि घटकाच्या वाट्याच्या प्रमाणात त्याच्या वर्तुळपाकळीचा केंद्रीय कोन, एवढाच तिचा नियम. काढायला ही आकृती सोपी आहे. चुका होतात त्या वाचताना, आणि बहुतेक एकाच कारणाने : पाकळी वाटा सांगते, संख्या सांगत नाही, हे लक्षातून सुटते.

पहिली अडचण अंशांची. ३६०° म्हणजे १०० टक्के, म्हणून १ टक्का म्हणजे ३.६°. पाकळीत ७२° लिहिलेले दिसले की ‘७२ टक्के’ असे उत्तर देऊन मोकळे होणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. ७२ ला ३६० ने भागले की एक पंचमांश येतो, म्हणजे २० टक्के. वर्गात ४० मुले असतील तर ती पाकळी ८ मुलांची. कोनमापक हाताशी नसला तरी काटकोन म्हणजे पाव आणि सरळ रेषा म्हणजे निम्मे, या दोन खुणांवर नजर ठेवली की अंदाज फारसा चुकत नाही. फार लहान वाट्यांपुढे मात्र वृत्तालेखाचा इलाज चालत नाही. कोरड्या हवेचा वृत्तालेख काढला तर नायट्रोजनला सुमारे २८१°, ऑक्सिजनला ७५° आणि आरगॉनला जेमतेम ३° मिळतात. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास. ५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर त्याचा कंस ०.१३ मिमी भरतो आणि पेन्सिलीच्या रेषेतच हरवतो. वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण याच वायूवर चालते, तेव्हा पाकळीच्या रुंदीवरून घटकाचे महत्त्व ठरवता येत नाही.

दोन वृत्तालेख शेजारी ठेवले की खरी कसोटी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ४५.२ टक्के लोक शहरांत राहत होते, गोव्यात ६२.२ टक्के. सारख्या आकाराची दोन वर्तुळे काढली तर महाराष्ट्राची शहरी पाकळी सुमारे १६३° ची, गोव्याची २२४° ची. गोव्याची पाकळी डोळ्यांत भरते. पण त्या पाकळीत ९ लाख माणसे आहेत आणि महाराष्ट्राच्या लहान पाकळीत ५ कोटींहून अधिक. आकृती खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. लोकसंख्याही दाखवायची असेल तर वर्तुळांची क्षेत्रफळे लोकसंख्येच्या प्रमाणात हवीत : गोव्याची त्रिज्या १ सेंमी धरली तर महाराष्ट्राची जवळजवळ ८.८ सेंमी. म्हणूनच ज्या वृत्तालेखाखाली एकूण संख्या छापलेली नाही, तो माझ्या मते अर्धाच छापलेला असतो. काळाच्या तुलनेतही हेच घडते. समजा, घरखर्च २०,००० रुपये असताना किराण्याची पाकळी १८०° होती आणि खर्च ३०,००० वर गेल्यावर ती १४४° झाली. पाकळी आकसली, तरी किराणा १०,००० वरून १२,००० वर गेला.

वाटे एकमेकांत मिसळणारे नसावेत, ही या आकृतीची मूळ अट. ‘तुम्ही कोणते खेळ खेळता?’ या प्रश्नाला एकच मुलगा क्रिकेट आणि कबड्डी अशी दोन्ही उत्तरे देतो. अशा उत्तरांची टक्केवारी शंभरापुढे जाते आणि तिचा वृत्तालेख होतच नाही, तिथे स्तंभालेख काढावा. बेरीज ९९.९ किंवा १००.१ आली तर बहुधा तो पूर्णांकनाचा परिणाम असतो. नफ्या-तोट्यासारख्या ऋण येऊ शकणाऱ्या राशींनाही वर्तुळात जागा नाही.

संगणकावर सहज तयार होणारा त्रिमितीय, तिरका वृत्तालेख सर्वांत जास्त फसवतो. चार समान पाकळ्यांचे वर्तुळ घेऊन, त्यांतली एक अगदी समोर ठेवून, आकृतीची उंची निम्मी होईल इतके ते कलंडवले, तर समोरचा ९०° चा कोन कागदावर १२७° चा होतो आणि बाजूचा ५३° चा. क्षेत्रफळे समान राहतात, पण समोरच्या पाकळीला खालच्या जाड कडेचा रंगही जोडला जातो. अशा आकृतीत कोनांकडे न पाहता आकडेच वाचावेत.

वृत्तालेखाचा पहिला ज्ञात वापर विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १८०१ मध्ये केला. तुर्की साम्राज्याचा विस्तार आशिया, युरोप आणि आफ्रिका यांत कसा विभागला आहे, हे त्याने वर्तुळात दाखवले. देशांची वर्तुळे त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लहानमोठी ठेवण्याची काळजीही घेतली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे दाखवलेली प्रसिद्ध आकृती दिसायला अशीच, पण वाचायची वेगळी : तिथे प्रत्येक महिन्याचा कोन ३०° च असतो आणि आकडा दाखवते ते पाकळीचे क्षेत्रफळ.

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की समान पायारेषेवरची स्थिती (म्हणजे एकाच रेषेवर उभ्या स्तंभांची टोके) माणसाला कोनापेक्षा अचूक वाचता येते. २३, २५ आणि २७ टक्के यांतला फरक म्हणूनच स्तंभालेखात चटकन दिसतो, वर्तुळात शोधावा लागतो. मात्र शेजारच्या दोन-तीन पाकळ्या मिळून निम्म्याच्या पुढे जातात का, हे पाहायला वृत्तालेख फार सोयीचा. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा वर्तुळावर मांडल्या तर एक जागा १.२५° ची होते. १४४ जागांना बरोबर सरळ रेषा येते आणि बहुमताची १४५ वी जागा त्या रेषेच्या सव्वा अंश पलीकडे असते.